कंदिलाची खळ

फुगा कधी फोडायचा हे ज्याला कळलं, त्याला आमचा धंदा आला. लवकर फोडलात तर कंदील चुरगळलेल्या रुमालासारखा खाली बसतो. उशीर केलात तर फुग्याचं रबर दोऱ्याला चिकटतं आणि ते टाचणीने खरवडून काढता काढता अख्खी दुपार जाते. क्रोशाच्या सुईने विणून, खळ देऊन कडक केलेले कंदील, तोरणं, चांदण्या, गौरीपुढचे मोर असं सगळं मी जव्हारला घरात बसून पंधरा-सोळा वर्षं केलं. आता डोळे साथ देत नाहीत. एकच कंदील शिल्लक आहे, तो दिवाळीत खिडकीत टांगते. शेजारची मुलं येतात, त्याला टिचकी मारतात आणि विचारतात, "आजी, हा प्लास्टिकचा आहे का?" लोकांना वाटतं मला याचा राग येईल. मला उलट बरं वाटतं. पांढऱ्या सुती दोऱ्याचा कंदील प्लास्टिकसारखा वाजतो म्हणजे खळ चांगली बसली होती.

ज्यांनी कधी क्रोशाची सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. विणणं हा या कामाचा अर्धाच भाग. साखळी घाला, त्यावर खांब घाला, जाळी करत गोल गोल जा, की एक ढगळ पिशवी तयार होते. तिच्याकडे बघून कुणालाही कंदील आठवणार नाही. मग ती पिशवी खळीत बुडवायची, पिळायची, आत फुगा घालून तो फुगवायचा आणि दोरीला टांगून ठेवायचा. चांदणी किंवा मोराचा पिसारा असेल तर पाटावर प्लास्टिकचा कागद पसरून टाचण्यांनी ताणून लावायचा. वाळलं की टाचण्या काढा, फुगा फोडा, झालं. ऐकायला सोपं आहे. पण जव्हारला श्रावण-भाद्रपदात काहीही वाळत नाही. तिथे अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तर खळ काय वाळणार? मी कंदील चुलीच्या वर बांबूला टांगायची. एकदा उष्णतेने तीन फुगे पाठोपाठ फुटले आणि खळीचे शिंतोडे आमच्या ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाले. हे मोखाड्याला पंचायत समितीत कारकून होते, सकाळच्या एसटीने जायचे. त्या दिवशी तसेच गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, "तुझी खळ उत्तम आहे. दिवसभर मला खांदा हलवता आला नाही."

सुरुवातीला मी खूप चुका केल्या. लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिकवलेले चार नमुने येत होते, खळीचं काही ठाऊक नव्हतं. कुठेतरी वाचलं होतं की साखरेच्या पाकात बुडवलं की दोरा काचेसारखा होतो. तसा तो होतोही. मी मोखाड्याच्या एका कापड दुकानदाराला गणपतीसाठी साखरेतलं मखर करून दिलं. बघायला आळी लोटली. तिसऱ्या दिवशी तो माणूस आमच्या दारात. मला वाटलं, आणखी ऑर्डर घेऊन आला. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या मखराला भक्त फार आलेत." तांबड्या मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट बाप्पाच्या डोक्यावरच्या कमळात गेली होती. मारायच्या नाहीत, गणपतीचं घर, म्हणून त्याने कोपऱ्यात पीठ आणि गूळ ठेवून बघितलं. मुंग्यांनी गुळाकडे ढुंकून पाहिलं नाही. विसर्जनापर्यंत अर्धं कमळ खाली आलं होतं. त्याने पुढच्या वर्षीही मखर माझ्याकडूनच नेलं, पण नेण्याआधी बोट लावून चाटून बघितलं.

दुसरी फजिती रुखवतातल्या मोराची. जूनमधलं लग्न, बाहेर धो धो पाऊस, आणि मंडपातल्या ओल्या हवेत माझ्या मोराने हळूहळू मान टाकली. मी पाहुण्यांत बसले होते, मला कुठे लपू असं झालं. नवऱ्या मुलाची आत्या मोठ्याने म्हणाली, "मोर झोपलाय की काय?" नवरीची आई हुशार. ती म्हणाली, "सकाळपासून नाचतोय, दमला." सगळे हसले आणि माझी अब्रू राहिली. तेव्हापासून मी मोराच्या मानेत झाडूची एक काडी घालायला लागले, ती बाहेरून दिसत नाही.

या सगळ्यातून मी पोचले तांदळाच्या खळीवर. तांदूळ मऊ शिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात निळीचा एक थेंब आणि तुरटीची पूड. सगळं गणित तुरटीचं आहे. कमी पडली तर कंदील मऊ राहतो आणि झुरळं कुरतडतात. जास्त झाली तर दोरा कडक होऊन तुटतो. ती मोजायचं कुठलंही माप माझ्याकडे नव्हतं. बोटाने थेंब घ्यायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. जीभ किंचित आक्रसली पाहिजे, पण थुंकावंसं वाटता कामा नये. ही चाखायची पद्धत माझी. पण माझ्यापेक्षा चांगली जीभ होती बुधीची.

बुधी जव्हारजवळच्या जामसर गावची. तिच्या घरी पावसावरची भातशेती, थोडी नागली, थोडी वरई. ती पहिल्यांदा आली ती दारावर रानभाजी विकायला. मी ओसरीत विणत बसले होते. ती टोपली खाली ठेवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ही जाळी मासं धराची हाय?" मी म्हटलं, "नाही गं, दिवा धरायची." तिला हसू आलं. दुसऱ्या वेळी आली तेव्हा मी सुई तिच्या हातात दिली. तिच्या घरी जाळी, टोपली, सगळं हाताने विणतात, त्यामुळे तिला साखळी आणि खांब शिकवायला मला दोन दिवस लागले असतील. महिन्याभरात ती माझ्याइतकं विणायला लागली. आठवड्यातून तीनदा सकाळच्या जीपने यायची आणि दुपार कलली की जायची. वयाने माझ्याएवढीच, पण मला "बाई" म्हणायची. मी तिला नुसतं बुधी म्हणायची. हा फरक तेव्हा मला दिसलासुद्धा नाही.

तिच्याशी बोलत बसणं हा त्या वर्षांतला माझा सगळ्यात चांगला वेळ. माझ्या नमुन्यांना ती स्वतःची नावं ठेवायची. शंखाच्या नमुन्याला "खेकड्याची वाट", दाट खांबांना "कूड". अजूनही माझ्या वहीत तीच नावं आहेत.

एका आश्विनात मी तिच्यापुढे नव्या भाताच्या पोह्यांचा चिवडा ठेवला. तिने बशी हळूच बाजूला सारली. "बाई, आमचा नवा नाय झाला अजून." मला कळलं नाही, मग तिने समजावलं. शेतातलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार झालं तरी तो तांदूळ लगेच खायचा नाही. गावाने दिवस ठरवायचा, नवा तांदूळ शिजवून आधी देवापुढे ठेवायचा, मग घरातल्यांनी जेवायचं. तोवर नव्याचा दाणाही तोंडात जाता कामा नये. त्यांच्या घरची रीत तर आणखी कडक होती. त्या आधी कुणी चुकून खाल्लंच, तर त्याने त्या दिवशी पंगतीत बसायचं नाही, वाढायचं. आणि ते जेवण साधं नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत घरातला जुना तांदूळ सरलेला असायचा, महिना-दोन महिने नागलीच्या भाकरीवर काढलेले असायचे. पोटभर गरम भात मिळायचा तो त्या दिवशी. बुधी त्या दिवसाबद्दल बोलायला लागली की तिच्या हातातली सुई थांबायची. ती मला दर वर्षी बोलवायची आणि मी जायची.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. पुढचं सांगताना हे आधी सांगायला हवं.

त्यानंतर दोन वर्षांनी ठाण्याच्या एका दुकानदाराने आमचे कंदील बघितले आणि साठ मागितले. आम्ही आधी नमुन्याचे पाच पाठवले, ते तिथल्या दमट हवेत मऊ पडले. त्याचा निरोप आला, "वहिनी, कंदील फुलासारखा नको, पत्र्यासारखा पाहिजे. नाहीतर मी प्लास्टिकचे घेतो." साठ कंदील आमच्या दृष्टीने फार मोठं काम होतं. मी त्याला शब्द दिला की दसऱ्याला पत्र्यासारखे कंदील मिळतील. मग जुन्या तांदळाची खळ घट्ट करून पाहिली, तर ती वाळल्यावर पांढरी भुकटी होऊन गळायला लागली. तेवढ्यात ह्यांनी खोडाळ्याच्या बाजारातून नव्या हळव्या भाताचा तांदूळ आणला. मी सहज मूठभर शिजवून खळ केली. अशी खळ मी जन्मात बघितली नव्हती. गोंदासारखी चिकट, आरशासारखी स्वच्छ. एक चांदणी बुडवून वाळवली, ती टेबलावर टाकली तर टणकन वाजली.

बुधी दुसऱ्या दिवशी यायची होती. तिला सांगावं असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण सांगितलं तर ती खळीला हात लावणार नाही, आणि साठ कंदील मी एकटी कशी करणार? मग मी मनाशी म्हटलं, खळ काही कुणी खात नाही, ती दोऱ्याला लावायची. बुधी जीभ लावून बघते हे मला माहीत नव्हतं का? तिची जीभ माझ्यापेक्षा चांगली म्हणून ते काम मीच तिला दिलं होतं. तरी मी ती यायच्या आत तांदूळ शिजवून, गाळून, पातेलं तयार ठेवलं, आणि तांदळाचा डबा आतल्या खोलीत नेऊन ठेवला. डबा लपवला, यावरून काय ते समजा.

बुधी आली, हात धुतले, पातेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग पातेल्याकडे बघितलं. मी खाली मान घालून टाचण्या मोजत होते. "तुरटी थोडी घाला," ती म्हणाली आणि तिने पहिला कंदील खळीत टाकला.

त्या दिवसानंतर तिने खळ चाखली नाही. दोन बोटांत धरून ताणून बघायची. मी म्हटलं, हात सरावला असेल. माणसाला सोयीचं असलं की असं काहीही पटतं. साठ कंदील झाले. ते वाळत टांगलेले असताना आमची खोली इतकी सुंदर दिसत होती की आळीतल्या बायका बघायला यायच्या. दुकानदाराचा माणूस येऊन ते घेऊन गेला, एकही परत आला नाही.

त्यानंतर आठवड्याने जामसरला नवं खायचा दिवस होता. मी नेहमीप्रमाणे सकाळच्या जीपने गेले. बुधीच्या अंगणात माणसं जमली होती. आत देवापुढे नव्या भाताचा पहिला वाढा ठेवून झाला होता. सागाच्या पानांवर गरम भात, उडदाची आमटी, काकडी. मला नेहमीसारखं बायकांच्या पंगतीत बसवलं. बुधी वाढत होती. मी म्हटलं, "बुधी, बस की तूपण, दुसरं कुणी वाढेल."

तिची सासू माझ्या शेजारी होती. म्हातारी, दात नसलेली, जिभेला मात्र धार. ती म्हणाली, "ती औंदा नाय जेवाची. कुठं तरी आधीच नवा खाल्लाय. घरी आली तशी आपणच बोलली, मी नवा खाल्ला. कुठं, कुणाकडं, ते इचारून दमलो, सांगत नाय. भूक नाय धरवली, आनि काय."

मी घास उचलला होता. तो खाली ठेवावा की तोंडात घालावा हे मला कळेना. बुधी माझ्या पानापुढे आली, भाताचा वाढा घालून पुढे गेली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. सगळ्या बायका समोर होत्या, एक वाक्य पुरलं असतं. मी जेवले. भात गोड होता, हेही मला आठवतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

बुधी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जीपची वाट बघत आम्ही उभ्या होतो. मी म्हटलं, "बुधी, ती खळ नव्या तांदळाची होती."

"म्हाईत हाय."

"कधी कळलं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच अडाणी प्रश्न विचारला होता. "बाई, मी भात पिकवते. नवा तांदूळ माझे जिभेला कळाचा नाय?"

"मग तेव्हाच का बोलली नाहीस? मी ओतून दिली असती."

"नसती दिली," ती शांतपणे म्हणाली. "आनि चाखून झालाच होता. मंग कंदील कशाला बुडवाचं? तुमी त्या शेठला बोलले होते."

"मला वाटलं खळीचं काय एवढं..." मी म्हणायला लागले.

"बाई, तुमी मला इचारलाच नाय. इचारला असता तर मी नको बोलले असते. म्हनून नाय इचारलात."

तेवढ्यात वळणावर जीप दिसली. बुधीने हात करून ती थांबवली. आत एक जागा होती. ड्रायव्हर म्हणाला, "चला वहिनी, लवकर." मी त्याला म्हटलं, "तुम्ही जा." बुधी म्हणाली, "ही शेवटची हाय." मी म्हटलं, "असू दे," आणि तिच्या घराकडे परत चालायला लागले.

अंगणात बायका भांडी घासत होत्या. म्हातारी ओट्यावर बसली होती. मी तिच्यापुढे उभी राहून सगळं सांगितलं. बुधीने कुठे खाल्लं, कसं खाल्लं, आणि मला माहीत असून मी गप्प बसले. तिला खळ म्हणजे काय ते समजेना. मी म्हटलं, "आजी, तांदूळ शिजवून त्याचं दाट पाणी काढतात. ते कंदिलाला लावलं की कंदील ताठ उभा राहतो."

म्हातारी म्हणाली, "म्हंजे आमचे देवाचे आधी तुमचा कंदील जेवला."

घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. मला वाटलं, आता ही मला अंगणातून बाहेर काढील आणि ते बरोबरच होईल. म्हातारीने बुधीला हाक मारली. "भात उरलाय?" बुधी म्हणाली, "हाय थोडा." "मंग बस. जेव. तुझा काय चुकला? तुला न सांगता घातला तोंडात."

मी म्हटलं, "मी वाढते तिला."

"तुमी नाय," म्हातारी म्हणाली. "तुमी आज जेवल्या ना? पोटभर जेवल्या. म्हाईत असून जेवल्या. पुढले साली या. तवा वाढा. जेवाचा नाय."

त्या संध्याकाळी मला जव्हारपर्यंत एका मास्तरांनी मोटरसायकलवर सोडलं. ह्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून आतल्या खोलीतला तांदळाचा डबा तेवढा स्वयंपाकघरात आणून ठेवला. ठाण्याच्या दुकानदाराला मी पुढच्या वर्षी कळवलं की कंदील जुन्या तांदळाच्या खळीतले मिळतील आणि जरा मऊ असतील. त्याने प्लास्टिकचे घेतले. आज त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ते काम टिकलं असतं तर आणखी चार बायका हाताशी आल्या असत्या, बुधीची पोरगी शिकली असती. पण बुधी येत राहिली. इथल्या दुकानांसाठी, शाळांसाठी आणि रुखवतांसाठी आम्ही पुढची सहा-सात वर्षं काम केलं. प्लास्टिक सगळीकडे आलं तेव्हा आम्ही दोघींनी ठरवून थांबवलं.

पुढच्या आश्विनात मी जामसरला गेले. म्हातारीला काही आठवण करून द्यावी लागली नाही. तिने दारातच माझ्या हातात पातेलं आणि पळी दिली. मी पदर खोचला आणि वाढायला लागले. आधी म्हाताऱ्या, मग बाया, मग पोरं. भाताचा वास साऱ्या अंगणभर होता आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कुणी मला बस म्हटलं नाही. मलाही कुणी म्हणू नये असं वाटत होतं. बुधी पंगतीच्या मधोमध बसली होती. तिने भात दोनदा मागून घेतला, आणि दोन्ही वेळा मी वाढला.